एका गाडीचे पासिंग

कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून जीपच्या तोंडवळ्याची छोटी गाडी उभी केली आणि २०२१ च्या डिसेंबरात तिची चित्रफीत देशभर फिरली. दुचाकीसारखी किक मारून सुरू होणारी ती गाडी पाहून आनंद महिंद्रा यांनी कौतुक केले आणि त्याच दमात सांगितले, की ही नियमात बसत नाही, आज ना उद्या प्रशासन अडवेल. ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो न्या. पुढच्याच महिन्यात लोहारांच्या दारात बोलेरो आली. बातमी गोड होती, आणि त्या एका गाडीपुरता निवाडाही बरोबर होता. उसाच्या ट्रकशेजारून महामार्गावर धावायला ती जीप योग्य होती, असे तिच्यावर जीव टाकणारासुद्धा म्हणणार नाही. पण लोहारांची जीप आणि शोरूममधली गाडी या दोन टोकांच्या मध्ये कितीतरी बदल असे आहेत, जे नीट केले तर निर्धोक असतात आणि नीट केले की नाही हे तासाभरात तपासता येते. कायदा त्या सगळ्यांना एकाच काठीने हाकतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स काढून मॅन्युअल बसवणे हा त्यांतला एक. त्यासाठी आरटीओत तपासणीची वाट हवी, असे माझे म्हणणे आहे.

शहरातला वाचक विचारेल, हा उलटा प्रवास कोणाला हवा असतो? सामान्य माणसाच्या छोट्या गाडीत ऑटोमॅटिक खऱ्या अर्थाने आले ते २०१४ च्या सेलेरिओपासून. त्या काळातल्या गाड्या आता दहा वर्षांच्या पुढे गेल्या आहेत आणि दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे तासगाव, विटा, जतला पोहोचल्या आहेत. गिअर बदलणारे यंत्र रुसले की दुरुस्ती म्हणजे बहुधा अख्खी असेंब्ली बदलणे, आणि ते अंदाजपत्रक जुन्या गाडीच्या बाजारभावाशी स्पर्धा करू लागते. त्यात सांगलीला कृष्णेचे पाणी आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ नदीने ५७ फुटांची पातळी ओलांडली, २०२१ च्या जुलैत पुन्हा पूर आला. पाणी शिरलेला मॅन्युअल गिअरबॉक्स वेळेत उघडला तर धुऊन, बेअरिंग आणि ऑइल बदलून बहुधा वाचतो. टॉर्क कन्व्हर्टरच्या ऑटोमॅटिकमध्ये तेलात पाणी मिसळले, की आतल्या चकत्यांवरचे अस्तर सुटू लागते आणि ते कण बारीक वाहिन्यांत जाऊन बसतात. मग मिस्त्री सांगतो, "साहेब, मॅन्युअलच टाकून टाकू." त्याचा हिशेब चुकीचा नसतो.

काम मात्र ऐकायला वाटते तेवढे सरळ नाही. ऑटोमॅटिक या एका नावाखाली निरनिराळी यंत्रे येतात. एएमटीमध्ये आत साधाच गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट असते. पाय आणि हात यांचे काम करणारा ॲक्च्युएटर तेवढा वर बसवलेला असतो. तो काढून क्लच पेडल आणि गिअरचा दांडा जोडणे तुलनेने सोपे, कारण चाकांकडे जाणारे ॲक्सल तेच राहू शकतात. टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटीची गोष्ट वेगळी. तिथे फ्लायव्हील, प्रेशर प्लेट, गिअरबॉक्सचे माउंटिंग, पेडलांचा संपूर्ण संच, सगळेच बदलते, आणि खरी मेख असते ती ॲक्सलमध्ये. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत डिफरन्शियल गिअरबॉक्सच्याच पोटात असते, म्हणून गिअरबॉक्स बदलला की डाव्या-उजव्या ॲक्सलची लांबी आणि टोकाच्या दात्यांची संख्या दोन्ही बदलू शकतात. दाते जुळले नाहीत तर ॲक्सल बसतच नाही. ती चूक तिथल्या तिथे कळते. लांबीची चूक कळत नाही. ॲक्सल थोडा आखूड असला तर गाडी गॅरेजच्या आवारात फिरून येते आणि पुढे कधीतरी चाक खड्ड्यात लटकले की आतला सांधा निसटतो. एका बाजूचा ॲक्सल सुटला तरी दुसऱ्या चाकालाही ओढ मिळत नाही, इंजिनाचा अडसर संपतो, आणि खंबाटकी घाट उतरताना सगळा भार ब्रेकवर येतो. लांब असला तर तो आतून डिफरन्शियलच्या बेअरिंगवर ठोके देत राहतो. मागच्या चाकांच्या गाडीत हाच प्रश्न प्रॉपेलर शाफ्टच्या लांबीचा होतो. चारही चाकांवर चालणाऱ्या जीपमध्ये एका बाजूचा क्राऊन-पिनियन बदलला आणि दुसऱ्या बाजूचा तसाच ठेवला तर कोरड्या डांबरावर दोन्ही ॲक्सल एकमेकांशी झगडतात. शिवाय एक वायर आहे. ऑटोमॅटिक गाडी पार्क किंवा न्यूट्रलमध्ये असल्याशिवाय स्टार्टर फिरू देत नाही. बदल करताना ती वायर बऱ्याचदा सरळ 'डायरेक्ट' केली जाते. मग गिअरमध्ये उभी असलेली गाडी चावी फिरवताच उडी मारते.

पण नीट तपासले तर यातला एकही दोष झाकून राहणारा नाही. गाडी लिफ्टवर घ्या, चाके लटकू द्या, सांध्यात किती खेळ उरला ते मोजा, ब्रेक पेडलची जोडणी पाहा, गिअरमध्ये ठेवून चावी फिरवा. पण हे पाहायचे कोणी? मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल करायचा नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये के. जयचंद्र प्रकरणात हे कलम कडकपणे वाचले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. गंमत अशी की आरसीवर चासी क्रमांक, इंजिन क्रमांक, इंधन, आसने हे सगळे असते. गिअरबॉक्सचा स्वतंत्र रकाना नसतो, फार तर मॉडेलच्या नावात एटी किंवा एएमटी ही अक्षरे सापडतात. म्हणजे हा बदल उघड परवानगीचाही नाही आणि विचारायला गेले तर उत्तर देणारी खिडकीही नाही. मग कोणी विचारत नाही. काम गॅरेजमध्ये होते, कुर्ल्याच्या बाजारातून आलेला गिअरबॉक्स बसतो, ॲक्सल मिळेल त्यातला लावला जातो, आणि विमा कंपनीला ते अपघातानंतर कळते.

हाच कायदा इतरत्र दार उघडतो. मान्यताप्राप्त किट असेल तर पेट्रोलची गाडी सीएनजीवर नेता येते आणि तशी नोंद आरसीवर होते. अपंग व्यक्तीसाठी गाडीत बदल करता येतो. डिकीत उच्च दाबाची टाकी बसवणे तपासून मंजूर होऊ शकते, तर त्याच कंपनीच्या त्याच मॉडेलचा मॅन्युअल गिअरबॉक्स, त्याच मॉडेलच्या ॲक्सलसकट, तपासून मंजूर का होऊ नये? ब्रिटनने अनेक वर्षे यासाठी गुणांची पद्धत चालवली: मूळ चासीला ५ गुण, सस्पेन्शन, ॲक्सल, ट्रान्समिशन आणि स्टिअरिंगला प्रत्येकी २, इंजिनाला १. मूळ चासीसह ८ गुण शिल्लक राहिले तर गाडीची ओळख तीच. गिअरबॉक्स आणि ॲक्सल दोन्ही बदलले तरी १० उरतात. जर्मनीत आणि ऑस्ट्रेलियातही एकाच गाडीतला बदल पाहून अधिकृत अभियंता सही करू शकतो. आपल्याकडे पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था प्रारूपाला मान्यता देतात. ती वाट निर्मात्यांची आणि किट बनवणाऱ्यांची. जतच्या एका गाडीमालकाची नव्हे.

पहिला आक्षेप ठरलेला आहे: दार उघडले की कर्णकर्कश सायलेन्सर, डोळे दिपवणारे दिवे आणि वाढवलेली चाके आत घुसतील. आज ती सगळी बंद दारातूनच आलेली आहेत, हे सांगलीच्या कोणत्याही चौकात उभे राहिले की दिसते. तरी आक्षेपात तथ्य आहे, म्हणून यादी आखूड ठेवावी: त्याच मॉडेलसाठी कंपनीने बनवलेलेच भाग, बिलासह, आणि जुन्या भागांचा स्रोत दाखवून. यात चोरीच्या मालालाही थोडा चाप बसेल. दुसऱ्या इंजिनाचा गिअरबॉक्स वेल्डिंग करून बसवणारे बाहेरच राहतील, आणि राहावेत.

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मूळ ऑटोमॅटिकच दुरुस्त करा, बदलता कशाला? तत्त्वतः हेच उत्तम. पण सुटे भाग, निदानाची उपकरणे आणि माहितीपुस्तिका स्वतंत्र गॅरेजांना मिळत नाहीत, हे भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्येच नोंदवले आणि १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. कंपन्यांनी वरच्या पायऱ्यांवर दाद मागितली. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले, त्यात मोटारीही आहेत. दुरुस्ती स्वस्त झाली तर बदलाची मागणी आपोआप घटेल. तोवर दहा वर्षांची चालती गाडी भंगारात घाला असे सांगणे ज्याला दुसरी घेता येते त्यालाच सोपे.

राहिला प्रश्न मनुष्यबळाचा. आरटीओकडे आहे तेच काम उरकत नाही, हे खरे. पण पंधरा वर्षांच्या खासगी गाडीची फेरनोंदणी तपासणी करूनच होते, म्हणजे गाडी उभी करून पाहण्याची रीत नवी नाही. ज्या जिल्ह्यात किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० पासून उभा आहे, सांगलीत १९४७ पासून वालचंद महाविद्यालय अभियंते घडवते आहे, शेजारी कराडला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, तिथे ॲक्सलची लांबी मोजणारा माणूस मिळणार नाही हे पटत नाही. अशा संस्थांच्या यांत्रिकी विभागांना मालकाकडून शुल्क घेऊन तपासणीचा अधिकार द्यावा, अहवालावर तपासणाऱ्याची सही आणि काम करणाऱ्या गॅरेजचे नाव असावे, आणि त्या अहवालावरून आरटीओने आरसीत नोंद करावी. केंद्राला बदलांच्या अटी नियमांनी ठरवण्याचा अधिकार २०१९ च्या दुरुस्तीने दिलेलाच आहे. नवा कायदा करावा लागत नाही. गॅरेजवाल्यांचा याला विरोध होईल, कारण नाव लिहिले की जबाबदारीही आली. आज ॲक्सल निसटून गाडी दरीकडे गेली, तर तो कोणी बसवला हे सांगणारा एकही कागद नसतो.