पंच्याऐंशी टक्क्यांचा विमा

केंद्रीय कृषी मंत्रालयाच्या नावात 2015 साली ‘शेतकरी कल्याण’ हे शब्द आले. पण खतांचा कारभार एका मंत्रालयाकडे, निर्यातबंदीचा निर्णय दुसऱ्याकडे, धरणाच्या पाण्याचा तिसऱ्याकडे. त्यात शेती हा मुळात राज्यसूचीतला विषय. मग दिल्लीच्या कृषी भवनाच्या हाती उरते काय? योजनांच्या मार्गदर्शक सूचना उरतात, आणि ते थोडके नाही. त्यातल्या एका कलमाने पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-घोलवडच्या वाडीवाल्याचे गणित कसे उलटेपालटे होते, हे चिकूच्या विम्याइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल.

हवामानावर आधारित फळपीक विम्यात शेतकऱ्याचा वाटा संरक्षित रकमेच्या 5 टक्के आणि उरलेला हप्ता केंद्र व राज्य निम्मा-निम्मा भरणार, अशी 2016 पासूनची मांडणी होती. खरीप 2020 पासून केंद्राने आपला हात आखडला: कोरडवाहू क्षेत्रात 30 टक्के हप्ता दरापर्यंतच केंद्राचे अनुदान, बागायतीत 25 टक्क्यांपर्यंत. महाराष्ट्राने 30 ते 35 टक्क्यांमधला भार स्वतःवर घेतला. त्यावरचा राज्य आणि शेतकरी यांनी अर्धा-अर्धा उचलायचा असे ठरले. त्यानंतर पालघरमध्ये चिकूचा दर 85 टक्क्यांवर गेला. हेक्टरी 60,000 रुपयांच्या संरक्षणासाठी हप्ता 51,000 रुपये, आणि पूर्वी 3,000 भरणाऱ्या बागायतदाराच्या माथी 18,000. याच सूत्राने उरलेल्या रकमेची फोड केली तर राज्याकडे 25,500 येतात आणि केंद्राकडे 7,500. योजना केंद्राची, निकष केंद्राचे, आणि तिघांत सर्वांत हलका वाटाही केंद्राचाच.

यावर मंत्रालयाच्या बाजूने एक युक्तिवाद होतो, आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. 60,000 च्या संरक्षणाला 51,000 मागितले जात असतील, तर तो विमा राहत नाही. जवळजवळ ठरलेल्या भरपाईची ती आगाऊ वसुली असते. मग सरकारी तिजोरीतून कंपनीचे खाते का भरायचे? आम्हाला हा मुद्दा मान्य आहे. पण तो मान्य केला की पुढचा प्रश्न मंत्रालयालाच विचारावा लागतो: दर 85 वर गेलाच कसा? जुलै ते सप्टेंबर या काळातला जास्त पाऊस आणि जास्त आर्द्रता हा चिकूच्या विम्यातला धोका. उत्तर कोकणात त्या तीन महिन्यांत दुसरे काय असते? नेहमीच्या पावसाळ्यालाच आपत्तीचा निकष केले, तर कंपनी दर चढवणारच. खरे नुकसान होते ते फायटोप्थोरा बुरशीच्या फळकुजीने आणि फळगळीने, आणि ते दोन शेजारच्या वाड्यांत सारखे नसते. झाडांची दाटी, निचरा, छाटणी, फवारणी वेळेवर साधली की नाही, यावर ते ठरते. महसूल मंडळातल्या एका हवामान केंद्राला यातले काहीच दिसत नाही. निकष आणि नुकसान यांची सांगड घालणे हे संशोधनाचे काम, आणि भारतीय कृषी अनुसंधान परिषद याच मंत्रालयाच्या छत्राखाली आहे. कोसबाडचे कृषी विज्ञान केंद्र तर चिकूच्या पट्ट्यातच बसले आहे. विम्याचा विभाग आणि संशोधनाचा विभाग एकाच मंत्र्याच्या हाताखाली असताना चिकूचा निकष वर्षानुवर्षे पावसाच्या आकड्यापाशी अडून राहावा, ही आमच्या मते अनुदानाच्या मर्यादेपेक्षा मोठी उणीव आहे.

राज्याचा विषय राज्याने सोडवावा, हा दुसरा आक्षेप. पण तलासरी ओलांडली की गुजरातेतले उंबरगाव, वलसाड, नवसारी. चिकूचा पट्टा एकच, पाऊसही तोच, आणि गुजरातचे एक कृषी विद्यापीठ नवसारीला. दोन्ही राज्यांची बाग-निरीक्षणे एकत्र मांडून एक निकष बसवणे मुंबईला किंवा गांधीनगरला एकेकट्याने जमणारे नाही. त्यासाठी वरचा यजमान लागतो. ‘परवडत नसेल तर पीक बदला’ असे सांगणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावे की चिकूचे झाड पिढीसाठी लावलेले असते. शिवाय बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्याला लागून असलेला डहाणू तालुका 1991 साली केंद्रानेच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवून तिथल्या कारखानदारीला लगाम घातला. 2016 साली घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही केंद्राच्याच नोंदवहीत. जमीन बागेसाठी राखायला सांगायची, फळाला नाव द्यायचे आणि जोखमीची वेळ आली की 30 टक्क्यांवर रेघ ओढायची, हे एका सरकारचे एक धोरण म्हणून पटत नाही.

फक्त मर्यादा उठवा, अशी मागणी म्हणून आम्ही करणार नाही. त्याने 85 टक्क्यांचा दर कायम होईल आणि भार तेवढा इकडून तिकडे सरकेल. मागणी असावी ती फळगळीच्या प्रत्यक्ष नोंदीवर बसवलेल्या निकषाची, आणि अनेक हंगामांच्या एकत्र कराराची, म्हणजे एका ओल्या वर्षाचा दणका पुढच्याच वर्षीच्या दरात उमटणार नाही. तोवर तालुका कृषी अधिकारी, विज्ञान केंद्रातले विषयतज्ज्ञ आणि बागायतदार संघ यांनी येत्या पावसाळ्यात वाडीनिहाय फळगळ, फवारणीच्या तारखा आणि मंडळातला पाऊस एकाच तक्त्यात लिहायला सुरुवात करावी. कृषी भवनाकडे आज असा तक्ता मागितला तर देण्याजोगा हवा, आणि तो पालघरखेरीज दुसरे कोण भरणार?