कोण काय घेऊन आलं

वर्षभर एक वाक्य माझ्या कानावर पडत राहिलं आणि दर वेळी मला तितकाच राग आला. ‘धंदा त्यांच्या रक्तात आहे, आपल्या नाही.’ ‘त्यांच्या’ म्हणजे गुजराती, कच्छी, मारवाडी. ‘आपल्या’ म्हणजे मराठी माणसाच्या. शाळांतल्या हिंदीच्या सक्तीवरून वातावरण तापलं, दुकानदार आणि भाषा यांच्यावरून उपनगरांत मोर्चे निघाले, ५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज हे दोन ठाकरे एका मंचावर आले. या प्रत्येक वेळी मराठीसाठी तावातावाने बोलणाऱ्या माणसांनीच, बोलता बोलता आवाज खाली आणून हे वाक्य मला ऐकवलं. भाषेचा एवढा अभिमान आणि स्वतःच्या माणसांबद्दल एवढा हीन निकाल, ही दोन्ही एका तोंडी कशी नांदतात?

वर्ष तसं साधं गेलं नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर गेले. शिवरायांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला. सप्टेंबरच्या पुरात मराठवाड्यातलं उभं पीक मातीसकट वाहून गेलं आणि तिथल्या कित्येक घरांत दिवाळी झाली नाही. या विषयांवरचे लेख या दिवाळी अंकात आहेत आणि ते माझ्यापेक्षा अधिकारी लेखकांनी लिहिले आहेत. मला बोलायचं आहे ते त्या एका वाक्याबद्दल. यंदाचा विशेष विभाग ‘बिऱ्हाड’ या विषयावर आहे, म्हणून माझ्या बोलण्याची सुरुवातही तिथूनच करतो.

कोळी, भंडारी, आगरी, पाठारे प्रभू, ईस्ट इंडियन अशी जुनी वस्ती सोडली, तर मुंबई बाहेरून आलेल्यांची आहे. १९२१ च्या जनगणनेत शहरातल्या दर शंभर माणसांपैकी सुमारे चौऱ्याऐंशी माणसं शहराबाहेर जन्मलेली होती. त्यांत रत्नागिरीचा चाकरमानी होता, तसाच कच्छ-काठियावाडचा वाणीही होता. कोकण आज महाराष्ट्रात आहे म्हणून रत्नागिरीकर मुंबईत ‘आलेला’ नव्हता असं आपण धरून चालतो. पण बोटीतून धक्क्यावर उतरताना तोही तितकाच परका होता. म्हणून या दोघांची तुलना करायचीच असेल, तर मालक आणि पाहुणा अशी करू नये. एकाच शहरात पोट भरायला आलेली दोन बिऱ्हाडं शेजारी ठेवून ती करावी.

कच्छ कोरडा मुलूख. दुष्काळ पाचवीला पुजलेला. तिथल्या कच्छी विसा ओसवालांसारख्या समाजातला बारा-तेरा वर्षांचा मुलगा मुंबईला येई, तो मशीद बंदरच्या धान्यबाजारात किंवा एखाद्या किराणा दुकानात. दुकान काकाचं, मामाचं, निदान गावच्या माणसाचं असे. राहणं-जेवणं शेठकडे, झोपणं पोत्यांच्या थप्पीवर. पगार थोडा आणि तोही बराचसा शेठच्याच वहीत जमा. दिवसाचे चौदा-पंधरा तास काम. हे सुखाचं आयुष्य नव्हतं आणि ते सुखाचं होतं असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण त्या मुलाच्या अंगात रोज काहीतरी मुरत होतं. कोणता तांदूळ कुठून येतो, कोणतं गिऱ्हाईक उधारी बुडवतं, भाव चढण्याआधी बाजारात काय बोललं जातं, हिशेबाची वही कशी लिहितात. आठ-दहा वर्षांनी तो जाणता झाला की शेठ त्याला नाक्यावर गाळा बघून देई, पहिला माल उधारीवर भरून देई, नाहीतर कामकरी भागीदार करून घेई. माल विकून पैसे द्यायचे. बुडाला, तर समाज चार शब्द सुनावून पुन्हा उभं करी. याला भांडवल म्हणतात. ते त्याच्या खिशात नव्हतं, त्याच्या ओळखीत होतं.

हे मोठ्या पातळीवरही असंच चालत असे. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि १८६५ मध्ये प्रेमचंद रायचंद यांच्यासारखा मातब्बर दलालही आडवा झाला. तरी बाजारात त्यांना पुन्हा पाय रोवता आला. बुडणं हा तिथे शेवट नव्हता.

आता दुसरं बिऱ्हाड. रत्नागिरी जिल्हा, म्हणजे तेव्हाच्या हिशेबात आजचा सिंधुदुर्गही. वरकस जमीन, भात वर्षभर पुरत नाही, आणि त्यावर खोत. कुळाने पिकवलेल्यातला मोठा वाटा खोताच्या घरी जाई. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, पण प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडलं. तोवर कित्येक पिढ्या शेतीचा आतबट्टा भरून काढायला मुंबईच्या कापड गिरणीत गेल्या होत्या. गिरणीत काम जॉबरच्या, म्हणजे मुकादमाच्या, मेहरबानीने मिळे. नवा माणूस बदलीवर. सकाळी दाराशी उभं राहायचं, कोणी गैरहजर असेल तर साचा मिळायचा, नाहीतर परत. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यावर हाती येई, म्हणजे पहिले सहा आठवडे उधारीवर काढायचे. ती उधारी कोणाकडे? धान्याची नाक्यावरच्या वाण्याकडे, रोख पैशाची दाराबाहेर काठी घेऊन बसणाऱ्या पठाणाकडे. आपली दोन बिऱ्हाडं इथे समोरासमोर येतात. एक गल्ल्याच्या आत, एक बाहेर. त्या उधारीतून आतल्याची कमाई वाढत गेली, बाहेरच्याची देणी वाढत गेली. तरीही १९२८ चा सहा महिन्यांचा संप गिरणगावाने तग धरून लढवला, त्यात वाण्याच्या उधारीचा वाटा होता हेही सांगितलं पाहिजे.

चाकरमानी एकटा येई. १९२१ मध्ये मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या जेमतेम सव्वापाचशे. गाववाल्यांच्या एकेका खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीने झोपत. जेवण खानावळीत. उरलेले पैसे मनीऑर्डरने गावी. त्यातून खोताचं देणं, सावकाराचं व्याज, बहिणीचं लग्न, घरावरची कौलं, आणि पुढे शाळेच्या इमारतीची वर्गणी. कोकणात अनेक गावांतल्या शाळा आणि देवळं गिरणीच्या घामावर उभी आहेत. मग दोन समाजांची संपत्ती मोजताना आपण फक्त मुंबईतल्या सदनिका आणि दुकानं का मोजतो? मनीऑर्डरीचा पैसा मोजायचा कुठे? तो तर शहर सोडून गेला.

‘गावाकडे ओढा, म्हणून प्रगती नाही’ असंही ऐकवलं जातं. या ओढ्याचा हिशेब कोणीतरी नीट मांडला पाहिजे. आजारपणाची रजा नाही, म्हातारपणाची तरतूद नाही, उद्याच्या कामाची खात्री नाही, अशा माणसाने गावचा तुकडा सोडला असता तर तो वेडा ठरला असता. गाव हाच त्याचा विमा होता. गिरणीमालकाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हातारा कामगार गावी पोसला जाणार, बायकापोरं गावी राहणार, म्हणून एकट्याच्या पोटापुरता पगार चालून जाई. कोकणातल्या बायकांनी लावलेल्या भाताने मुंबईच्या गिरण्यांचा नफा वाढवला, असं मी म्हणतो आणि त्यात मला कणभरही अतिशयोक्ती वाटत नाही.

रक्ताची गोष्ट खरी असती, तर गुजरातेतून आलेला प्रत्येक जण शेठ झाला असता. मुंबईचे संडास आणि गटारं साफ करायला काठियावाड-गुजरातेतून आलेली मेघवाळ आणि रुखी समाजाची माणसं कोण होती? तीही गुजरातीच बोलत. पालिकेच्या चाळींत त्यांच्या पिढ्यांमागून पिढ्या झाडूच्या नोकरीवर लागल्या. त्यांना कोणी गाळा बघून दिला नाही, माल उधार दिला नाही. भाषा एक, प्रांत एक, पण ओळखीचं भांडवल जातीच्या दारापाशीच थांबलं. आपल्याकडेही तेच. गिरणीतलं विणकाम जास्त पगाराचं. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून महार कामगारांना त्या खात्यात येऊ देत नसत, आणि न येऊ देणारे सवर्ण मराठी कामगारच होते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला. तेव्हा ‘मराठी माणूस’ आणि ‘गुजराती माणूस’ अशी सरासरी काढून जो निकाल देतो, तो दोन्हीकडच्या तळातल्या माणसांना सरळ पुसून टाकतो.

उलट बाजूचा पुरावा गिरणगावातच आहे. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या बायका सावकाराच्या कचाट्यात होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्या बायकांना राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज मिळू लागलं. त्यांनी एकमेकींची हमी घेतली, कर्ज फेडलं, धंदा वाढवला. त्यांच्या रक्तात एका वर्षात काय फरक पडला? काहीच नाही. दार उघडलं, एवढंच.

हे दार आधी कोणी उघडलं नाही, याचा जाब मला आपल्याच शिकलेल्या वर्गाला विचारायचा आहे. त्याच पश्चिम किनाऱ्यावरून आलेल्या सारस्वतांनी १९१५ मध्ये गावदेवीला सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, १९१८ मध्ये सहकारी पतसंस्था काढली आणि तिची पुढे मोठी बँक झाली. म्हणजे पतपेढी कशी चालवायची हे मराठी मुलखाला माहीत होतं. पण गिरणगावातल्या बदली कामगाराला तारण काय, जामीन कोण, असं विचारून आपल्या मध्यमवर्गाने पाठ फिरवली. गिरणगावावर कविता वाचल्या, नाटकं पाहिली, कर्ज दिलं नाही. कामगाराने स्वतःच्या हिमतीवर जे उभारलं ते संघटनेचं बळ. संप करायचं, पगार वाढवून घ्यायचं, संयुक्त महाराष्ट्रासाठी गोळ्या झेलायचं बळ. त्या बळावर त्याने या राज्याला राजधानी मिळवून दिली. पण संपाच्या बळावर गाळा विकत घेता येत नाही.

मग १८ जानेवारी १९८२ आला. सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले आणि त्यांतले हजारो जण पुन्हा कामावर परतलेच नाहीत. तो संप कोणी रीतसर मागेही घेतला नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीचे तीन वाटे ठरले होते, एक मोकळ्या जागेसाठी पालिकेला, एक परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त मोकळ्या पडलेल्या जमिनीपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. दोन बिऱ्हाडांच्या आजच्या संपत्तीतला फरक कुठून आला हे ज्याला शोधायचं आहे, त्याने आधी हे कागद वाचावेत. नाक्यावरचं दुकान वाण्याच्या नावावर होतं, जागेचा भाव चढला तेव्हा तो त्याच्या घरात आला. गिरणीची जमीन कामगाराच्या नावावर कधीच नव्हती, आणि भाव चढला तेव्हा त्याच्या हक्काचा वाटाही कापला गेला. जुलै २०२५ मध्ये हे म्हातारे कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानात भर पावसाळ्यात बसले होते. मुंबईबाहेर शेलू-वांगणीला घरं नकोत, आम्ही ज्या शहरात राबलो तिथे द्या, एवढीच मागणी. त्यांना कोणी जाऊन सांगावं, तुमच्या रक्तात धंदा नाही म्हणून.

नाक्यावरच्या दुकानाचेही दिवस आता सरत आले आहेत. मोबाइलवरून दहा मिनिटांत किराणा घरपोच येतो आणि कच्छी शेठचा मुलगा गल्ल्यावर बसायला तयार नाही. त्याला नोकरी हवी आहे. बाजाराची तऱ्हा बदलली की शंभर वर्षांची पुण्याई कशी हाताबाहेर जाते, ते गिरणगावाने पाहिलं, आता किराणा बाजार पाहतो आहे. त्यात मला आनंद वाटत नाही. तिथेही घरं आहेत.

‘बिऱ्हाड’ विभागासाठी लेख मागवताना एक अडचण आली. व्यापारी समाजांकडे वह्या आहेत, ज्ञातीची वस्तीपत्रकं आहेत, ट्रस्टांचे अहवाल आहेत. गिरणगावाकडे हे फार थोडं आहे. म्हणून आमच्या वाचकांना विनंती. तुमच्या माळ्यावर, जुन्या ट्रंकेत मनीऑर्डरच्या पावत्या, पगाराच्या चिठ्ठ्या, फंडाची पुस्तकं, खानावळीची खाती, गावमंडळाच्या खोलीचे जमाखर्च असतील तर त्यांच्या प्रती आमच्याकडे पाठवा. वाण्याची जुनी उधारीची वही कोणाकडे असेल, तर तीही हवी आहे. कोणी किती पाठवलं, किती फेडलं, किती व्याज भरलं, हे आकड्यांत लिहायचं आहे. पुढच्या दिवाळीपर्यंत जे हाती येईल ते याच पानांवर छापू.