उपजेचा अधिकार

शाळेच्या वार्षिक संमेलनांत संगीताचा कार्यक्रम ठरला, म्हणजे ज्याचे हात चालत नाहींत किंवा ज्याची मान स्थिर राहत नाहीं, अशा मुलाची जागा बहुधा श्रोत्यांत असते. त्यास गाणें ऐकावयास मिळालें, एवढ्यानें आपलें समाधान होतें. त्याच्या मनांतही एखादा स्वर उमटत असेल, हा विचार आपणांस सहसा सुचत नाहीं.

आपल्या गायकवादकांच्या कलेंत उपजेस मोठा मान आहे. राग व ताल यांची मर्यादा पाळून, पूर्वीं न ठरविलेली स्वररचना आयत्या वेळीं मनांतून काढणें, हीच उपज. पाश्चात्य संगीतांतही, विशेषतः जॅझमध्यें, असा प्रकार आहे. ही गोष्ट मुख्यतः कानाची व बुद्धीची. बोटें हीं त्यांचीं सेवक होत. परंतु बहुतेक वाद्यें धडधाकट देहाच्या मापानें घडविलेलीं असल्यामुळें, ज्याचा सेवक दुबळा, त्या धन्यासही आपण मुका ठरवीत आलों.

डिजिटल यंत्रांनीं ही अडचण आतां पुष्कळ कमी केली आहे. अमेरिकन संगीतकार व अ‍ॅकॉर्डियनवादक पॉलिन ऑलिव्हेरोस (१९३२–२०१६) यांनीं, लीफ मिलर या व्यवसायोपचारतज्ज्ञ बाईंच्या सहकार्यानें, २००७ च्या सुमारास ‘अडॅप्टिव्ह यूज म्युझिकल इन्स्ट्रुमेंट’ नांवाच्या संगणकप्रणालीचें काम सुरू केलें. संगणकाचा कॅमेरा मुलाच्या शरीरावरील एक बिंदु, उदाहरणार्थ नाकाचें टोंक, टिपत राहतो. पडद्यावरील एखाद्या चौकटींत तो बिंदु शिरला कीं तिला नेमून दिलेला ध्वनि निघतो. हालचाल अगदीं अल्प असली तरी प्रणाली त्या मापास जुळवून घेतां येते. आणि ती विनामूल्य मिळते. इंग्लंडांतील ट्रंपेटवादक क्लॅरेन्स अडू यांचें खांद्यांखालील शरीर १९९५ सालच्या मोटार अपघातानें लुळें झालें. त्यांच्याकरितां रॉल्फ गेलहार यांनीं ‘हेडस्पेस’ हें वाद्य रचलें. डोक्याची हालचाल व फुंकर यांच्या योगें अडू तें वाजवितात. दोन्ही ठिकाणीं वाद्यच शरीराच्या मापास आलें.

कोणी म्हणेल, येथें वाजवितें तें यंत्र, मनुष्य नव्हे. परंतु हार्मोनियमचा स्वर तरी आंतील पितळी पट्टीच काढते ना? कोणता स्वर, केव्हां, किती वेळ, आणि स्तब्ध केव्हां राहावयाचें, हा निर्णय वादकाचा. आणि तेवढा तर या मुलासही करतां येतो. मात्र हा आक्षेप एके ठिकाणीं खरा ठरूं शकेल. शिक्षकानें स्वरच असे निवडून ठेवले कीं कसेंही हललें तरी गोडच ऐकूं यावें, तर पहिल्या दिवशीं त्यानें धीर येईल हें खरें. परंतु तीच व्यवस्था कायम राहिली तर वाद्याचा खुळखुळा होतो. ज्यास चुकतां येत नाहीं, त्यास निवडतांही येत नाहीं.

याहून कठीण प्रश्न सोबत्यांचा आहे. ज्या मुलास मान उचलावयास वेळ लागतो, त्याची पाळी आली असतां इतर वादक अधीर होऊन मधली जागा भरून टाकतात. मग उत्तम यंत्र असूनही तो मुलगा मुकाच राहतो. ऑलिव्हेरोसबाईंनीं अवधानपूर्वक ऐकण्याचा आयुष्यभर पुरस्कार केला, तो या दृष्टीनें मोलाचा आहे. यंत्र वाद्य देईल, अवसर मात्र सोबत्यांनींच द्यावयाचा असतो.

म्हणून आमचें मत असें कीं, ज्या शाळेंत संगणक व कॅमेरा आहे, तिनें खर्चाची सबब सांगूं नये. पुढील संमेलनांत अशा एका तरी मुलास श्रोत्यांतून उठवून वादकांत बसवावें. कार्यक्रम पांच मिनिटें लांबला तरी चालेल. त्याचा स्वर येईपर्यंत सर्वांनीं थांबावें.