निरोपापूर्वीचें नगरदर्शन

परदेशीं राहणाऱ्या लेकीसुनांचें नवल आतां मोठ्या शहरांपुरतें उरलेलें नाहीं. सिल्लोडसारख्या तालुक्याच्या गांवींहि, जेथें हंगामांत मिरचीच्या गाड्यांनीं रस्ता अडतो आणि मक्याकापसाच्या भावावांचून दुसरें बोलणें ऐकूं येत नाहीं, तेथेंहि एखाद्या वाड्यांतली मुलगी लंडनास शिकत असते. तिला मेतकूट कसें पाठवावें, थंडींत तिनें काय ल्यावें, याची चर्चा घरांतल्या चारहि पिढ्या करतात. परंतु परक्या शहरांत दोघी मैत्रिणी जुळून जातात आणि त्यांपैकीं एक कायमची घरीं परत निघते, तेव्हां उरलेले दोनतीन दिवस दोघींनीं कसे घालवावे, याचा विचार मात्र कोणी सांगत नाहीं. आजच्या सदरांत तोच विषय घेण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बहुधा असे दिवस दोन प्रकारें वायां जातात. एक प्रकार खरेदीचा. एकत्र कुटुंबांत परतावयाचें म्हणजे सासूबाईंची शाल, मामंजींचें घड्याळ, जाऊबाईंची पर्स, पुतण्यांची चॉकोलेटें आणि ‘तिला आणलेंस, मग मला कां नाहीं?’ असें विचारणाऱ्या नणंदेसाठीं आणखी एक पुडकें! यादी संपते तेव्हां दिवसहि संपलेला असतो. दुसरा प्रकार धांवपळीचा. मनोरा, राजवाडा, पूल, मेणाचे पुतळे असें सर्व कांहीं एका दिवसांत उरकावयाचें, प्रत्येकापुढें उभें राहून छायाचित्र घ्यावयाचें, आणि रात्रीं पाय चेपीत बसावयाचें. अशा दर्शनानें शहर दिसत नाहीं आणि मैत्रीणहि दिसत नाहीं.

आमची एक मैत्रीण अशीच लंडनहून सिल्लोडास परत निघाली होती. तिचें माहेर अजिंठा गांवचें, सासर सिल्लोडचें. वैद्यकाच्या एका शाखेचा दोन वर्षांचा अभ्यास तिनें पुरा केला होता, आणि तेथेंच चांगल्या पगाराची नोकरी तिला मिळत होती. ती न घेतां सासरच्या दवाखान्यांत बसावयाचें तिनें ठरविलें, तें तिच्या बरोबरीच्या कोणालाच रुचलें नाहीं. ‘इतकें शिकून पुन्हां तालुक्याच्या गांवीं?’ असें तिला तोंडावर विचारणारेहि भेटले. ती हंसून उत्तर देई, पण एकदां आमच्याजवळ हळूच म्हणाली, “निर्णय चुकला असें मला वाटत नाहीं गं. भीति एवढीच वाटते, कीं सहा महिन्यांनीं हें सारें मला स्वप्नासारखें वाटूं लागेल.” तीन दिवस हातांत होते. तेव्हां आम्हीं असें ठरविलें, कीं जें पाहिल्यानें हीं दोन वर्षें तिच्या पुढच्या आयुष्याशीं जोडलीं जातील, तेंच पाहावयाचें. बाकीचें सोडून द्यावयाचें.

पहिला दिवस आपल्या माणसांच्या घरांना दिला. वॉरिक ॲव्हेन्यू स्टेशनापासून थोडें चाललें कीं हौली प्लेस लागतें. तेथील १० क्रमांकाच्या घरीं १९१८-१९ मध्यें लोकमान्य टिळक राहत होते. चिरोलवरील खटल्यासाठीं ते विलायतेस गेले होते; खटला हरले, पण त्या मुक्कामांत स्वराज्याची बाजू इंग्रजांच्या दारांत मांडण्याचें काम त्यांनीं सोडलें नाहीं. भिंतीवर त्यांच्या नांवाची निळी पाटी आहे. तेथून प्रिमरोझ टेकडीजवळच्या किंग हेन्रीज रोडवर गेलों. येथील १० क्रमांकाच्या घरांत १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर विद्यार्थी म्हणून राहिले. हें घर महाराष्ट्र शासनानें २०१५ साली विकत घेतलें, आणि आतां तेथें त्यांचें स्मारक आहे. ज्यांनीं येथें विद्येसाठीं काटकसर सोसली, त्यांनींच पुढें १९५० साली मराठवाड्यांतल्या मुलांसाठीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपती संभाजीनगरास, मिलिंद महाविद्यालय उघडलें. मैत्रिणीचे वडील त्याच महाविद्यालयांत शिकलेले! ती दारापाशीं बराच वेळ उभी राहिली, आणि मग तिनें वडिलांना तेथूनच फोन लावला.

चॉक फार्महून कॅमडेन टाऊनला गाडी बदलून हायगेटला जातां येतें. तेथें क्रॉमवेल ॲव्हेन्यूवरील ६५ क्रमांकाचें घर तें श्यामजी कृष्णवर्मा यांनीं १९०५ साली हिंदी विद्यार्थ्यांसाठीं उघडलेलें ‘इंडिया हाऊस’. तरुण सावरकर १९०६ साली येथेंच उतरले. तीन घरें, तीन निरनिराळ्या मतांचे पुरुष. पण तिघेहि येथें राहावयास आले नव्हते, कांहींतरी घेऊन परत जावयास आले होते. ही गोष्ट आम्हीं बोलून दाखविली नाहीं, तशी गरजहि नव्हती.

दुसरा दिवस साउथ केन्सिंग्टनच्या व्हिक्टोरिया ॲण्ड अल्बर्ट संग्रहालयाचा. येथें प्रवेशास पैसे पडत नाहींत; परंतु आम्हांस जें पाहावयाचें होतें तें सदैव भिंतीवर टांगलेलें नसतें, म्हणून आधीं पत्र पाठवून विचारलें होतें. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रती या संग्रहालयांत आहेत, हें आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. त्यांची कथा मोठी करुण आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजीं मद्रासच्या फौजेंतील जॉन स्मिथ नांवाचा अधिकारी शिकारीस आला असतां त्याला वाघूर नदीच्या वळणावरील हीं लेणीं दिसलीं. पुढें १८४४ मध्यें कंपनी सरकारनें त्याच फौजेंतील रॉबर्ट गिल यास चित्रांच्या प्रती करण्यास नेमिलें. अजिंठा गांवच्या बारादरींत मुक्काम ठेवून त्यानें जवळजवळ वीस वर्षें हें काम केलें. कापडावर तैलरंगांत काढलेल्या त्या प्रती लंडनास गेल्या, सिडनहॅमच्या स्फटिकमहालांत मांडल्या गेल्या, आणि १८६६ च्या डिसेंबरांत तेथें आग लागून बहुतेक सर्व जळून गेल्या. मोजक्याच वांचल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनीं आपल्या एतद्देशीय विद्यार्थ्यांना घेऊन १८७२ पासून पुन्हां तेंच काम आरंभिलें आणि १८८५ पर्यंत चालविलें. त्याहि प्रती साउथ केन्सिंग्टनला आल्या, आणि १८८५ साली तेथेंहि आगीनें त्यांतील कित्येकींचा नाश केला! जें दोन आगींतून उरलें, तें आज तेथें जपून ठेविलेलें आहे.

आम्हांस त्यांपैकीं एक प्रत पाहावयास मिळाली. जेथें मूळ भिंतीवरचा गिलावा पडला होता, तेथें त्या विद्यार्थ्यांनीं पडलेल्या गिलाव्याचा डागहि तसाच रंगविलेला आहे. आपल्या पदरचें कांहीं घातलेलें नाहीं. मैत्रीण कितीतरी वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आमच्या गांवांत पारोची कबर आहे. लहानपणीं आम्ही तिच्याभोंवतीं शिवाशिवी खेळत असूं. गिलसाहेब कोण, तें कोणी सांगितलें नाहीं.” पारो ही गिलची सहचरी. तिच्या कबरीवर २३ मे १८५६ ही तारीख इंग्रजींत कोरलेली आहे. कवि ना. धों. महानोर यांनीं या दोघांवर ‘अजिंठा’ हें दीर्घकाव्य लिहिलें, तेव्हांपासून मराठी वाचकाला तिचें नांव परिचित झालें.

थोड्या वेळानें ती पुन्हां बोलली, “नक्कल पाहण्यासाठीं आपण आठ दिवस आधीं पत्रव्यवहार केला. अस्सल चित्रें माझ्या माहेराहून घाट उतरलें कीं आहेत, आणि तीं मी उभ्या जन्मांत दोनदां पाहिलीं. तींहि शाळेच्या सहलींत, डबा कधीं उघडतां येईल या चिंतेंत!” आम्ही दोघी हंसलों. पण त्या हंसण्यानंतर तिचा चेहरा बदलला, तो आम्हांस अजून आठवतो. घरीं परत जाणें म्हणजे मागें जाणें, ही जी सल इतरांनीं तिच्या मनांत रुजविली होती, ती तेथें बरीचशी निघाली असावी.

तिसऱ्या दिवशीं मुद्दाम कोठेंच जावयाचें नाहीं असें ठरविलें होतें. सकाळीं तिच्या रोजच्या वाटेनें रुग्णालयापर्यंत चालत गेलों. तिच्या भाजीवाल्याचा आणि शेजारच्या म्हाताऱ्या बाईंचा निरोप घेतला. दुपारीं नदीकाठच्या बाकावर बसून पोळीची गुंडाळी खाल्ली. संध्याकाळीं ट्रंकेंत सामान भरलें. १९३२ साली स्थापन झालेल्या लंडनच्या महाराष्ट्र मंडळांत गणेशोत्सवाच्या वेळीं आमची प्रथम ओळख झाली होती. त्या वेळच्या गोष्टी निघाल्या, आणि सामानापेक्षां बोलण्यालाच अधिक वेळ लागला. नणंदेचें पुडकें राहून गेलें तें विमानतळावर घेतलें. त्यावांचून कांहींच अडलें नाहीं.

वाचक म्हणतील, हल्लीं रोज फोनवर चेहरा दिसतो, मग निरोपाचें एवढें काय? आवाज आणि चेहरा पोंचतो हें खरें. पण बरोबर चाललेली वाट फोनवरून पोंचत नाहीं. आनंदीबाई जोशी ४ जून १८८३ रोजीं न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हां केवळ पत्रांतून ओळख झालेल्या कार्पेंटरबाईंनीं त्यांना आपल्या रोझेलच्या घरीं मुलीसारखें ठेवून घेतलें. १८८६ साली डॉक्टर होऊन आनंदीबाई स्वदेशीं निघाल्या, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचा अंत झाला. त्या दोघींची पुन्हां भेट झाली नाहीं. आनंदीबाईंची रक्षा मात्र समुद्रापलीकडे कार्पेंटरबाईंकडे गेली, आणि पकिप्सी येथें त्यांच्या कुटुंबाच्या स्मशानभूमींत तिला जागा मिळाली. सहवासाचे थोडे दिवस नीट घालविले असतां त्यांतून केवढें नातें उभें राहतें, याला याहून मोठा दाखला कोणता?

म्हणून आमच्या घरोघरच्या वडीलधाऱ्या मंडळींस एक विनंती आहे. परत येणाऱ्या लेकीसुनेकडे भेटींची यादी धाडूं नका. शेवटचे दोन दिवस तिचे तिला असूं द्या. आणि परदेशीं असलेल्या भगिनींस सांगणें इतकेंच, कीं निघणाऱ्या मैत्रिणीला शहरांतलें सर्व दाखविण्याचा हव्यास धरूं नका. तिला पुढें जेथें राहावयाचें आहे, त्या गांवाकडे जाणारी एखादी वाट तुमच्या शहरांतून निघते कीं काय तें शोधा, आणि ती दोघी मिळून चाला. आमची मैत्रीण आतां दवाखान्याच्या सुटीच्या दिवशीं घरच्या पोरांना घेऊन लेण्यांत जाते. सतराव्या लेण्यांतलें एकच चित्र एका वेळीं पाहावयाचें, असा तिचा नेम आहे. आणि डबा मात्र आधींच खाऊन घ्यावयाचा!