तोळाभर शिसे आणि वेगाचे वेड

दिवाळी अंकातली शिकारकथा वाचणाऱ्याला एक वाक्य तोंडपाठ असते : बार उडाला आणि जनावर कोसळले. बार कशाचा होता, गोळी किती वजनाची होती, ती जनावराच्या अंगात किती शिरली, हे लेखक सांगत नाही आणि वाचक विचारीत नाही. जंगलाला दोन पाने, चांदण्याला एक पान, आणि ज्या वस्तूने जीव जातो तिच्या वाट्याला फक्त एक क्रियापद! या पापाचा मीही वाटेकरी आहे. माझ्या एका कादंबरीत नायकाने ठासणीच्या बंदुकीतून छर्रे उडवून दोनशे यार्डांवरचे सांबर लोळवले आहे. एकाही वाचकाने जाब विचारला नाही.

जाब विचारला तो अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियात, एका म्हाताऱ्याने. २०२३ च्या नोव्हेंबरात बिनपगारी रजा घेऊन मी धाकट्या भावाकडे गेलो होतो. हे गृहस्थ त्याचे शेजारी. भावाने माझ्या पराक्रमी नायकाची हकीकत त्यांना ऐकवली. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या सांबराला काहीच झाले नसते. झालेच असते, तर फार तर एखादा डोळा गेला असता."

शिकार असावी की नसावी, हा वाद मला येथे घालावयाचा नाही. आपल्याकडे तो १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि १९९१ च्या दुरुस्तीने मिटवला, आणि त्याचे मला समाधानच आहे. तिकडची गोष्ट निराळी. विसाव्या शतकाच्या आरंभी काही लाखांवर आलेले पांढऱ्या शेपटीचे हरीण आज तेथे कोटींनी मोजतात. ते शेते आणि कोवळी झाडे खाऊन फस्त करते. परवाना काढून, अंगावर नारिंगी कापड घालून लोक ते मारतात आणि वर्षभर मांस खातात. मारावयाचे ठरलेच आहे, तर ते कशाने मारावे? माझे भांडण एवढ्यापुरतेच आहे, आणि ते वेगाच्या भक्तांशी आहे.

म्हातारबुवा आपली काडतुसे स्वतः भरतात. तळघरात एक मेज, त्यावर दांड्याचा दाबयंत्र आणि सोनाराकडे असतो तसा काटा. उडवलेली पितळी पुंगळी पुसावयाची, दाबून मूळ मापावर आणावयाची, जळकी टोपी काढून नवी बसवावयाची, दारू तोलून घालावयाची आणि वर गोळी बसवावयाची. त्यांची बंदूक खालीवर होणाऱ्या खटक्याची, ३५ रेमिंग्टन काडतुसाची. हे काडतूस विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले. गोळीची जाडी नऊ मिलिमीटरांहून किंचित अधिक. ती २०० ग्रेन वजनाची, बोथट तोंडाची असते. इंग्रजी अमदानीतला आपला तोळा बरोबर १८० ग्रेनांचा. म्हणजे गोळी तोळ्याहून थोडी जड. सेकंदाला सुमारे २००० फूट हा तिचा वेग. आजच्या मानाने ही बैलगाडीच म्हणा!

तोंड बोथट का, याचे कारण मला फार आवडले. या बंदुकीत काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकापुढे एक झोपलेली असतात. मागच्याच्या गोळीचे टोक पुढच्याच्या टोपीवर टेकते. टोक अणकुचीदार असले आणि धक्का बसला, तर बंदूक धरणाऱ्याच्या हातातच स्फोट. (अलीकडे मऊ टोकाच्या गोळ्या निघाल्या आहेत, त्या चालतात.) पुंगळीची कडाही गोळीवरच्या खाचेत घट्ट दाबावी लागते, नाहीतर धक्क्याने गोळी आत सरकते आणि दाब वाढतो. या काडतुसाला जेवढा दाब मंजूर आहे, तो आजच्या रायफलींच्या काडतुसांच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे बंदूकच सांगते आहे की, बाबा, मला पळवू नकोस.

पण तिचे ऐकतो कोण? म्हातारबुवांचा नातू, वय चोवीस, वेगाचा निस्सीम भक्त. त्याचे शास्त्र सोपे होते. वजन घटवा, वेग वाढवा. वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट होते. हे खरे आहे. पदार्थविज्ञान मी मॅट्रिकपर्यंतच शिकलो, पण एवढे मीही फळ्यावर लिहितो. मात्र गणित येथे संपत नाही. गोळीत ऊर्जा किती हा प्रश्न कारकुनी आहे. ती फुप्फुसापर्यंत पोचते की खांद्याच्या हाडावरच उधळली जाते, हा खरा प्रश्न. नातवाने पिस्तुलाची १५८ ग्रेनची गोळी घेतली होती. जाडी जवळजवळ तीच, म्हणून ती बसते. पण ती पिस्तुलाच्या मंद वेगाला उमलावी अशी घडवलेली असते. तिला रायफलीच्या वेगाने हाकलली, की ती उमलत नाही, फुटते.

वेगवाल्यांची बाजू मी ऐकून घेतली आहे. वेगवान गोळी सरळ जाते. शंभर यार्डांवर नेम जुळवलेली म्हाताऱ्यांची गोळी दोनशे यार्डांवर दहा इंचांच्या आसपास खाली जाते. कबूल. पश्चिमेकडच्या उघड्या माळावर मी त्यांचेच म्हणणे मान्य करीन. पण या ओकच्या रानात साठ पावलांपलीकडे दिसतेच काय? आणि जड गोळी झुडपे कापीत सरळ जाते, ही म्हाताऱ्यांच्या पिढीची बढाईही मी मान्य करीत नाही. फांदीला लागलेली कोणतीही गोळी भरकटते. दुसरे खूळ कागदावरच्या भोकांचे. बाकावर टेकून झाडलेल्या तीन गोळ्या एका इंचात बसाव्यात म्हणून लोक हिवाळाभर दारूचे दाणे मोजतात. हरणाच्या काळीज-फुप्फुसांची जागा आठ इंचांची! थंडीत उभ्याने थरथरणारा हात दोन वीत चुकतो, आणि सुधारायचा तो हात सोडून हे सुधारतात काडतूस.

मला यात माझे आजोळचे आजोबा दिसले. सिंधुदुर्गात शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर त्यांची ठासणीची बंदूक होती. गज नळीबाहेर किती बोटे राहतो, त्यावर बाराचे माप. डुक्कर मोठा आहे असे कळले की ते एक बोट वाढवीत. खांदा आठ दिवस निळा राही आणि डुक्कर भुईमुगात राही.

आजोबांवर हसता येते, नातवावर हसता आले नाही. हंगामाच्या दुसऱ्या दिवशी त्याने चाळीस यार्डांवर एका मादीच्या खांद्यावर गोळी झाडली. मी हातात बंदूक न घेता मागे उभा होतो. ती पडली, उठली आणि तीन पायांवर गेली. चौथा पाय हलत होता, पण जमिनीला टेकत नव्हता. पानांवर रक्त, हाडाचा चुरा, पांढरे केस. बर्फ नव्हते. आम्ही चौघे विजेऱ्या घेऊन रात्री नऊपर्यंत हिंडलो. एका ओढ्याशी माग संपला. म्हातारबुवा पाण्यात गुडघ्यापर्यंत उतरले, वय अठ्ठ्याहत्तर. पलीकडच्या काठावर काही सापडले नाही. सकाळी पुन्हा गेलो, तेव्हा कावळे सापडले, आणि मग ती सापडली. खांद्याची वरची बाजू उखडलेली होती, फासळ्या शाबूत. फुप्फुसाला गोळीचा कपटाही लागला नव्हता. ती रात्रभर जिवंत असली पाहिजे. भोवतालची पाने पायांनी उकरलेली होती.

मुलगा रडला, हे मी लपवीत नाही. पण आठ दिवसांनी त्याने मला विचारले, की दारू दोन ग्रेन वाढवली असती तर? वेगाची भक्ती ही अशी असते.

त्या दुपारी म्हातारबुवांनी नातवाची उरलेली एकवीस काडतुसे मेजावर मांडली. हातोडीसारखे एक पोकळ प्लास्टिकचे हत्यार असते. त्यात काडतूस उलटे अडकवून लाकडावर आपटले, की गोळी सुटून आत पडते. त्यांनी एकेक आपटले. गोळ्या एका डबीत, पुंगळ्या दुसरीत, आणि दारू मागच्या अंगणातल्या गवतावर. मी डबी धरून उभा होतो. नातू जिन्यावर बसून मोजत होता.