पेडल कडक झाले म्हणजे बूस्टरच गेला असे नाही

मालेगावहून भिवंडीला ग्रे कापड नेणाऱ्या आपल्या कित्येक बांधवांकडे अजून जुन्या टर्बो डिझेल पिकअप आहेत. त्यांच्या ब्रेकचे पेडल दगडासारखे झाले की मेकॅनिक पहिला सल्ला बूस्टर बदलण्याचा देतो. मीही आधी मास्टर सिलिंडर, मग बूस्टर बदलून बसलो. दोष निघाला चिरलेल्या व्हॅक्यूम पाइपात!

पेट्रोल इंजिनाच्या ओढीतच व्हॅक्यूम मिळतो. डिझेलला ती सोय नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. बऱ्याच जुन्या गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर असतो. पट्टा तुटला की चार्जिंगही जाते आणि ब्रेकची मददही.

तपास सोपा आहे. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा. कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली गेले पाहिजे. न गेल्यास आधी पट्टा, पाइप आणि वन-वे व्हॉल्व्ह पाहा, मग गेज लावून पंप. एवढे झाल्याशिवाय बूस्टरचे बिल मंजूर करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ताग्यात अर्धा मीटर कमी भरले तर आपण भांडतो. ड्रायव्हरची जान आपल्याकडे अमानत आहे, तिथे मात्र अंदाजावर काम चालवतो.

आणि कसारा घाटात डिझेल वाचवायला इंजिन बंद करून गाडी सोडणारे? पंप थांबला की दोन-तीन वेळा ब्रेक मारण्यापुरताच व्हॅक्यूम उरतो. माझ्या गाडीवर ही बचत मी बंद केली आहे.