वहीखातं : साडी नेमकी कुठे अडते?

पर्वत पाटियाच्या चौकात सकाळी उभं राहिलं, की सुरतेचा कापडधंदा डोळ्यांसमोरून जातो. ग्रे (न रंगवलेल्या) कापडाचे ताके लादलेले टेम्पो, एम्ब्रॉयडरीला निघालेली गाठोडी, रिंग रोडच्या मार्केटांकडे धावणारी पार्सलं. लिंबायतकडून कामावर निघालेल्यांत मराठी आणि अहिराणी सर्रास कानावर पडते.

इथल्या एखाद्या कारखानदाराला पुढच्या पाच वर्षांचा बेत विचारला, तर तो बाजाराचं बोलतो: सुताचा भाव, जीएसटी, शेजाऱ्याने घेतलेली नवी मशीनं. आपल्या कारखान्यात एक साडी किती दिवस पडून राहते, हे विचारलं की त्याची नजर हिशेब लिहिणाऱ्या मेहताजींकडे वळते. मेहताजींकडे बिलं असतात, साडीचे दिवस नसतात.

आधी हे दिवसच मोजायला हवेत. साडी ग्रे म्हणून येते, डाइंग मिलला जाते, परत येते, एम्ब्रॉयडरीवर चढते. मग बायका घरी बसून धागे कापतात, टिकल्या चिकटवतात, लेस लावतात. शेवटी घडी आणि पॅकिंग. समजा, या फेऱ्याला ४० दिवस लागले आणि व्यापाऱ्याचे पैसे त्यानंतर ९० दिवसांनी आले. म्हणजे गुंतवलेला रुपया १३० दिवसांनी घरी परतला, वर्षात तीनदाही फिरला नाही. त्या ४० दिवसांत साडीला प्रत्यक्ष हात लागतो थोडेच दिवस. बाकी ती कुणाची तरी वाट पाहत गाठोड्यात असते. त्यातले १५ दिवस वाचले, तर तोच रुपया वर्षात तीनदा फिरतो. त्यासाठी नवं कर्ज लागत नाही.

उधारीचा हिशेब तर आता सरकारनेच दारात आणून ठेवला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म-लघु उत्पादकाचे पैसे १५ दिवसांत, लेखी करार असेल तर फार तर ४५ दिवसांत दिले नाहीत, तर खरेदीदाराला थकलेल्या रकमेची त्या वर्षी खर्च म्हणून वजावट मिळत नाही. आयकर कायद्यातली ही ४३ब (एच) तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली, त्या सुमारास सुरतेच्या मार्केटांत ऑर्डरी रद्द झाल्या, माल परत आला. कोणाचे किती दिवस थकले आहेत याची यादी ज्याच्याकडे तयार होती, त्याला निदान कोणाशी आधी बोलायचं हे ठाऊक होतं.

मालाच्या जागेचंही तेच. पर्वत पाटिया-लिंबायत पट्ट्यात खाडीचं पाणी शिरतं. जून २०२५ मध्येही शिरलं. तरी तयार माल तळमजल्यावर, जमिनीला टेकून ठेवलेला असेल, तर ती पावसाची चूक म्हणता येणार नाही.

आपल्याच कारखान्यात न पाहण्याची मोठी किंमत मुंबईने मोजली आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले आणि गिरण्या बुडाल्याचं सगळं खापर त्या संपावर फुटलं. पण त्याआधी कित्येक वर्षं अनेक गिरण्यांत जुनीच यंत्रं घरघरत होती, नफा त्यांच्यात परत येत नव्हता आणि कापड भिवंडीच्या मागांवर विणलं जाऊ लागलं होतं. दुखणं आतलं होतं. ते वेळेवर पाहिलं असतं तर गिरणगावातली किती घरं सावरली असती, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

उलट उदाहरणही कापडातलंच आहे. जपानच्या साकिची टोयोडा यांनी धागा तुटला की आपोआप थांबणारा माग बनवला. माग थांबला की बिघाड लगेच दिसे, खराब कापड पुढे जात नसे. पुढे त्यांच्या मुलाने मोटारी बनवायला घेतल्या आणि १९३७ मध्ये टोयोटा मोटर कंपनी उभी राहिली. दोष दिसताच काम थांबवायचं, ही मागावरची शिस्त त्या कारखान्यांतही गेली.

पर्वत पाटियाच्या कारखानदारांनी नव्या मशीनच्या कर्जावर सही करण्याआधी एवढं करावं. पुढच्या लॉटमधल्या एका साडीला चिठ्ठी बांधा. ती कुठल्या दारात कधी आली आणि कधी निघाली, हे त्या-त्या माणसाला तारखेसह लिहायला सांगा, आणि पार्सल बांधताना ती चिठ्ठी सोडून घेऊन स्वतः वाचा.